वाचकांचे प्रश्न: चढ, बेल्ट आणि क्लच

प्रश्न: अमेरिकेत जॅक्सनच्या डोंगरावर स्नोमोबाइल चढवण्याची शर्यत होते, तिचे व्हिडिओ मी बघतो. पायथ्यापासून वरपर्यंत इंजिनाचा सूर एकच असतो, गिअर पडल्याचा आवाज कुठेच नाही. हे कसं?
– एक वाचक, निगडी

उत्तर: तुमच्या घरी बिनगिअरची स्कूटर असेल तर निम्मं उत्तर पार्किंगमध्येच उभं आहे. स्नोमोबाइललाही दोन पुल्या आणि मध्ये बेल्ट असतो. स्कूटरच्या व्हेरिएटरमध्ये रोलर सरकतात. इथे पुढच्या पुलीत झुलणारी वजनं असतात. आरपीएम वाढले की ती बाहेर फेकली जातात, पुलीची सरकती बाजू दाबतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत हेलिक्स म्हणजे तिरका कॅम असतो. चढ उभा झाला, भार वाढला की तो बेल्ट आवळतो आणि गाडी आपोआप खालच्या गिअरसारखी ओढू लागते. त्यामुळे इंजिन जिथे सर्वाधिक ताकद देतं त्या आरपीएमला चिकटून राहतं. टू-स्ट्रोक इंजिनात हा आकडा 8,000 च्या आसपास. तो सूर खाली बसला तर आधी क्लच, म्हणजे याच दोन पुल्या, तपासायच्या.

ही शर्यत 1976 पासून तिथल्या स्नो किंग डोंगरावर होते. ती भरवतो जॅक्सन होल स्नो डेव्हिल्स हा स्थानिक क्लब. महिना मार्च.

प्रश्न: मुलगा नोकरीनिमित्त आयडाहोत आहे. तिथल्या क्लबच्या चढाच्या शर्यतीत उतरायचं म्हणतोय. जुनी 800 सीसीची गाडी घेतली आहे. सपाटीवर 8,000 आरपीएम दाखवते, डोंगरावर 7,400 च्या पुढे जात नाही. इंजिन उघडावं लागेल का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: नाही, इंजिनाला हात लावू नका. उंचीवर हवा विरळ होते. दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद जाते, म्हणजे जॅक्सनसारख्या 6,200 फुटांवरच्या गावी जवळपास पाचवा हिस्सा पायथ्यालाच गेलेला असतो. इंजिन अशक्त झालं, पण क्लचमधली वजनं सपाटीचीच राहिली. ती पुली लवकर मिटवतात आणि इंजिन दबतं. उपाय वजनं हलकी करणं. एका वजनामागे 1 ग्रॅम कमी केला की ढोबळमानाने शंभर-दीडशे आरपीएम वाढतात. 600 ची तूट असेल तर 4 ग्रॅमपासून सुरुवात करावी. सगळी वजनं एकाच मापाची हवीत, नाहीतर पुली थरथरते. एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन, स्प्रिंग आणि हेलिक्स एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही, आणि हीच चूक सर्वांत जास्त होते. आकडा मात्र त्याच डोंगरावर, पूर्ण थ्रॉटलवर बघायचा.

गाडी कार्ब्युरेटरची असेल तर उंचीवर हवा-पेट्रोलचं मिश्रण दाट होतं, प्लग काळा पडतो, मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) लहान करावा लागतो. आरएक्स 100 हाताळलेल्यांना पुढचं सांगायला नको: जेट गरजेपेक्षा लहान झाला की पिस्टन जाम. आणि खाली उतरल्यावर जुना जेट परत बसवायला विसरलात तरी तेच.

नवा बेल्ट शर्यतीच्या दिवशी बसवू नये. साबणाच्या पाण्याने धुऊन, आधी पन्नासेक किलोमीटर सावकाश चालवून मुरवावा. पुलीवर काळी चकाकी दिसली तर बेल्ट घसरतोय. ती घासून साफ करा, मग पुल्या सरळ रेषेत आहेत का ते बघा.

ट्रॅकबद्दलही, म्हणजे गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याबद्दल, सांगा त्याला. अडीच-तीन इंच उंचीची रबरी पाती भुसभुशीत बर्फासाठी असतात; शर्यतीच्या कडक उतारावर ती वाकतात आणि पकड जाते. शिवाय या गाड्यांचं पाणी थंड होतं ते ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर. कडक बर्फ उडत नाही, म्हणून रेषेवर इंजिन चालू ठेवून ताटकळायचं नाही. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधलेली हवीच.

चढताना मध्येच थ्रॉटल सोडू नये. थांबलेला ट्रॅक पुन्हा फिरला की खड्डाच खणतो. अडकल्यावर वळून उतरण्याचा हट्ट नको. दोर घेऊन उभी असलेली माणसं गाडी धरतात, हे त्यांचंच काम. वर पोचलं नाही तरी किती उंची गाठली ते मोजलं जातं.

प्रश्न: आमचा सात-आठ जणांचा ग्रुप पुण्याजवळच्या एका मुरमाड टेकडीवर मोटरसायकल चढवण्याची छोटी स्पर्धा घेऊ इच्छितो. काय तयारी हवी?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: आधी कागद. वेताळ टेकडी, तळजाई किंवा वनखात्याची कुठलीही जमीन विसरा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 189 प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत हा गुन्हा आहे. घाटरस्ता त्यात आलाच. खासगी जमीन, मालकाचं लेखी पत्र, पोलिसांना कळवणं आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेकडे नियमांची चौकशी, या क्रमाने जा.

टेकडीवर एका वेळी एकच गाडी. प्रेक्षक दोरीच्या पलीकडे बाजूला. गाडी घरंगळेल त्या रेषेत खाली कोणीही नको. अवघड टप्प्यापाशी दोर घेऊन तीन-चार धट्टीकट्टी माणसं ठेवा, जॅक्सनची हीच गोष्ट उचलण्यासारखी आहे. अॅम्ब्युलन्स पायथ्याशी नसेल तर पहिली गाडी सोडू नका.

गाडीला मागचं स्प्रॉकेट दोन-चार दात मोठं, खाचांचे टायर, हवा 12-14 पीएसआय. सुटताना बहुधा दुसरा गिअर बरा. पहिल्यात चाक नुसतं फिरतं किंवा पुढचं चाक उचलतं. वजन टाकीवर. मध्ये बंद पडली तर क्लच दाबून फक्त पुढचा ब्रेक धरू नका. पुढच्या चाकावर भार नसतो, गाडी तशीच मागे घसरते. गिअरमध्येच राहू द्या, मागचं चाक अडून धरेल, मग उताराला आडवी पाडा. पावसानंतर मुरूम किंचित ओला असताना पकड उत्तम. काळी माती असेल तर टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं, तारीख पुढे ढकला.

प्रश्न: गुलमर्गला भाड्याची स्नोमोबाइल घेऊन असा चढ चढता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: नको. ती सहलीसाठीची गाडी असते. बरोबरचा माणूस सांगेल त्याच वाटेने फिरा.