सेल्फ बदलायचाय, पण नेमका कुठला घेऊ?

प्रश्न : माझी गाडी १८ वर्षांची आहे, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. हल्ली किल्ली फिरवली की नुसता टक्क आवाज येतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला गाडी चालू होते. मेकॅनिक म्हणतो सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) गेला. पर्याय तीन सांगतायत, आहे तोच रिपेअर करा, भंगारातल्या गाडीचा काढलेला घ्या, नाहीतर नवीन रिडक्शन गिअरवाला टाका ज्याची पॉवर जास्त आहे. दिसायला तर सगळे सारखेच दिसतात हो, काय करू?

उत्तर : आधी सेल्फच गेलाय का ते बघूया, कारण तुम्ही जे लक्षण लिहिलंय त्यात बॅटरी आणि वायरिंग पण तेवढेच संशयित आहेत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नकोत, गेले तर पहिलं काम बॅटरीचं. मग व्होल्ट मोजायच्या मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर) आणि दुसरं सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवून कोणालातरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर वायर किंवा टर्मिनल खराब आहे. तसंच बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत पण बघा, जुन्या गाडीत अर्थिंगची पट्टी आतून गंजलेली असते आणि बिचारा सेल्फ फुकट बदलला जातो. गाडी न्यूट्रलमधे, हँडब्रेक ओढलेला, हे विसरू नका.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी टक्कच येतंय तर सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतोय पण मोटरपर्यंत करंट जात नाहीये. सोलेनॉइडच्या आत तांब्याचे कॉन्टॅक्ट असतात, दर वेळी ठिणगी पडून ते झिजतात, म्हणून कधी लागतं कधी नाही. तुमचं ‘तिसऱ्या-चौथ्या वेळेला’ वाचून मला आधी तेच वाटलं. दुसरी शक्यता कार्बनची (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे), ते झिजून आखूड झाले की असंच होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) चांगलं असेल तर तुमचाच सेल्फ उघडून कॉन्टॅक्ट, कार्बन, बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) नवीन टाकून घ्या. तो गाडीला बसतो हे आधीच माहितेय, आणि जुन्या गाडीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आर्मेचर जळलं असेल किंवा कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) खोल घासला गेला असेल तर मात्र तार परत गुंडाळण्याच्या, म्हणजे रिवाइंडिंगच्या नादी न लागता बदला.

आता बदलायचाच ठरला तर ‘दिसायला सारखे’ यावर अजिबात जाऊ नका. जुना काढून (आधी बॅटरीचा मायनस सोडायचा) दुकानात सोबत न्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात मोजा, ९ च्या जागी १० चा बसवला तर तो फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगशी नीट जुळत नाही आणि रिंग खाऊन टाकतो, मग गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. बोल्टची भोकं आणि त्यांच्यातलं अंतर, तोंडाचा गोल भाग, पिनियन आराम स्थितीत किती आत आहे, फिरण्याची दिशा, सोलेनॉइड कुठल्या बाजूला येतो, हे सगळं जुळायला हवं. एकाच मॉडेलमधे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचा सेल्फ वेगळा असू शकतो, इंजिन बदललं की पण वेगळा, त्यामुळे नुसतं गाडीचं नाव सांगून मागवू नका, सेल्फवरचा पार्ट नंबर द्या.

रिडक्शन गिअरवाला वाईट नाही, उलट चांगलाच आहे. आत छोटी मोटर जोरात फिरते आणि गिअरमुळे तिचा टॉर्क वाढतो, म्हणून वजनाला हलका आणि थंडीत इंजिन छान फिरवतो. पण तो तुमच्याच इंजिनासाठी बनवलेला असला तरच घ्या. जास्त किलोवॅट म्हणून उड्या मारण्यात अर्थ नाही, कंपनीने १ किलोवॅटचा दिला असेल तर निरोगी इंजिनाला तेवढा पुरतो. भंगारातला मला सगळ्यात कमी आवडतो, कारण आतले कार्बन किती उरलेत हे बाहेरून कळत नाही. घ्यायचाच असेल तर उघडून बघून, कार्बन बदलूनच बसवा.

आणि एक, सेल्फवर हातोडी मारून चालू करायची सवय लागली असेल तर सोडा. बऱ्याच सेल्फमधे आत मॅग्नेट असतात, ते ठोक्याने तडकतात आणि मग रिपेअर होणारा सेल्फ पण जातो.

प्रश्न : सेल्फ नवीन आहे, किल्ली फिरवली की जोरात घूंऽऽ असा फिरतो पण कधीकधी इंजिन हलतच नाही. गाडी थोडी ढकलली की परत लागते. नवीनच खराब निघाला का?

उत्तर : ढकलल्यावर लागते ना, मग मला संशय फ्लायव्हीलच्या रिंगचा आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक दोन ठराविक जागीच थांबतं, त्यामुळे रिंगचे दात तिथेच झिजतात, आणि ढकलल्यावर चांगले दात समोर येतात. सेल्फ काढून त्या भोकातून टॉर्च मारा आणि इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवून दात बघा. दात सगळे शाबूत दिसले तर पिनियनमागचा एकतर्फी क्लच (पिनियनला एकाच दिशेने जोर देणारा) सरकतोय, मग बिल काढा आणि वॉरंटीत बदलून घ्या.