श्लोक पुरा म्हणावा

प्रश्न : श्रावण आला की आमच्या घरी वाद ठरलेला. सासरे माळकरी आहेत. शास्त्रांनी मांसाहार निषिद्धच मानला आहे, असे ते सांगतात. धाकटे दीर मात्र ‘न मांसभक्षणे दोषः’ (मांस खाण्यात दोष नाही) हा मनुस्मृतीतला चरण म्हणून दाखवतात. कोणाचे खरे मानायचे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : दिरांनी म्हटलेला चरण मनुस्मृतीच्या ५व्या अध्यायात खरोखरच आहे, मात्र श्लोक तेथे संपत नाही. ‘प्रवृत्तिरेषा भूतानां निवृत्तिस्तु महाफला’ असा त्याचा उत्तरार्ध आहे, म्हणजे ही प्राणिमात्रांची स्वाभाविक ओढ असली तरी तिच्यापासून परावृत्त होण्याचे फळ मोठे आहे. त्याच अध्यायात यज्ञासाठी प्रोक्षण केलेले, म्हणजे मंत्रपूर्वक पाणी शिंपडून शुद्ध केलेले मांस खाण्याची अनुज्ञा आहे, आणि मारणाऱ्याबरोबरच विकणारा, विकत घेणारा, रांधणारा, वाढणारा आणि खाणाराही घातकीच होय, असेही बजावलेले आहे.

या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कशा नांदत, हे भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या ४थ्या अंकात फार जवळून दाखवले आहे. (हा नाटककार आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा.) वाल्मीकींच्या आश्रमात वसिष्ठ येतात आणि त्यांच्या आतिथ्यासाठी कालवड मारली जाते. ते पाहून सौधातकी हा बटू म्हणतो की, हा कोणी वाघ किंवा लांडगा आला असे मला वाटले. मधुपर्क, म्हणजे मान्यवर पाहुण्याच्या स्वागताचा उपचार, समांस असावा असे वेदवचन आहे, अशी त्याची समजूत सोबती घालतो. मग जनकराजांना केवळ दह्यामधाचा मधुपर्क देऊन कालवड सोडून का दिली, असे सौधातकी विचारतो. त्याला उत्तर मिळते : जनक ‘निवृत्तमांस’, म्हणजे मांस सोडलेले आहेत. मनूचाच शब्द येथे एका माणसाच्या आचरणात उतरलेला दिसतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

पुढे गवालंभ (विधीसाठी गाय मारणे) आणि श्राद्धातील मांस हे दोन्ही कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या आचारांत गणले गेले.

आपल्या सासऱ्यांनी तुळशीची माळ गळ्यात घातली तेव्हा हीच निवृत्ती पत्करली. तिचे मोठेपण सांगण्यासाठी शास्त्राच्या तोंडी सरसकट निषेध घालण्याची गरज नाही. आणि दिरांनी श्लोक म्हणावा तो चारही चरणांसह म्हणावा.