लेकरू ठणठणीत आहे, मग तक्रार कशाची?

प्रश्न : ताई, माझं वय २४. पहिलं बाळंतपण तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात झालं, त्याला चौदा महिने झाले. मुलगा पावणेचार किलोचा. शेवटी मशीन लावून ओढून काढला, टाके घातले. घरी आल्यापासून संडास, वारा काहीच आवरेना. दोनदा जाऊन सांगितलं, तर टाके ओले आहेत, गरम पाण्यात बसा म्हणाले. तपासलं कुणीच नाही. पाच महिन्यांनी शहरात दाखवलं, तेव्हा कळलं की गुदद्वाराचा स्नायू बाळंतपणातच फाटला होता, तो शिवलाच नव्हता. ऑपरेशन झालं, तरी पूर्ण ताबा नाही. आम्ही ऊसतोडीला जातो. औंदा माझ्यामुळं आमचा जोडीचा कोयता मोडला, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर आली. आता डॉक्टर चाळीस हजार देतो, पाचशेच्या बाँडवर सही करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, लेकरू ठणठणीत आहे, घ्या अन् गप बसा.
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : सही करू नकोस. त्या बाँडवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहिलेलं असणार, आणि उद्या ग्राहक आयोगापुढे तोच कागद तुझ्याविरुद्ध काढतील.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांच्या काळी बाळंतीण उठून बसली की झालं, असंच होतं. पण लेकरू धडधाकट आहे म्हणून आईच्या शरीराचं नुकसान माफ होत नाही.

आता थोडं कडू बोलते. स्नायू फाटला एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. पहिलटकरीण, मोठं बाळ, वर व्हॅक्यूम (बाळ ओढून काढायचं मशीन), यात चांगल्या डॉक्टरच्या हातूनही फाटतं. तुझी खरी बाजू पुढची आहे : टाके घालण्याआधी बोट घालून तपासलं असतं तर ते कळलं असतं, आणि दोनदा सांगूनही तुला बघितलं नाही. तक्रारीत भर यावर दे. मशीन लावलं यावर पानं खर्चू नकोस.

पहिलं काम केसपेपरचं. दवाखान्याला लेखी अर्ज दे, पोच घे. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठव. २००२च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नकला द्यायच्या असतात. प्रसूतीची नोंद, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, सगळं माग. शहरातल्या सर्जनने ‘जुनी, न शिवलेली फाट’ असं काही लिहिलं असेल, तर तो कागद सोन्यासारखा जप. बिलाची पावती अर्ध्याच रकमेची दिली असेल (आपल्याकडे सर्रास असतं), तर फोनपेची नोंद काढून ठेव.

तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. २०१९च्या कायद्याने तू राहतेस त्या जिल्ह्यातच दाद मागायची सोय आहे. दवाखान्याला दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी नाही. वकील सक्तीचा नाही, तरी अशा प्रकरणात घे. मुदत दोन वर्षांची. ‘नंतर कळलं’ हा मुद्दा मांडता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. प्रसूतीच्या तारखेपासूनच मोज, म्हणजे तुझ्या हातात दहा महिने आहेत. हेच बाळंतपण पूर्ण मोफत सरकारी दवाखान्यात झालं असतं, तर ग्राहक आयोगाचं दार बंद होतं, दिवाणी कोर्टात जावं लागलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ही रेघ ओढली आहे.

पोलीस ठाण्यात जा म्हणणारे भेटतील. फौजदारीला घोर निष्काळजीपणा लागतो, हे २००५ पासून ठरलेलं आहे. शिवाय त्यातून तुझी उचल फिटणार नाही.

उचलीचा हिशेब नीट मांड. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तू नाही तर जोडी नाही, ही गोष्ट आयोगातल्या माणसाला आपोआप कळेल असं समजू नकोस. मुकादमाकडून लिहून घे : उचल किती, परत किती गेली, मागच्या हंगामात दोघांचं मिळून काय सुटलं. ऑपरेशन, औषधं, गाडीभाडं, रोजचे पॅड, सोबतीला राहिलेल्या आईची बुडालेली रोजंदारी, हे सगळं तारखेनिशी वहीत उतरव. वेदनेची आणि अपमानाची भरपाई वेगळी मागायची. लग्नकार्याला जाणं सोडलंस का, नवऱ्यापासून दूर झोपतेस का, हे लाजून वगळू नकोस.

आणि सर्जनला एक विचार : पुढच्या खेपेला सिझर करावं लागेल का? हो म्हणाले तर तसं लिहून घे. तो खर्चही मागणीत धरता येतो.