घरावर कलम 53 ची नोटीस आलीय, अपील कुठं करायचं?

प्रश्न : बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं घर आहे. 2014 ला वडिलांच्या नावानं परवानगी काढून खाली-वर बांधलं. पुढं लेकाचं लग्न ठरलं म्हणून वर मागच्या अंगाला एक खोली वाढवली आन् जिना बाजूच्या मोकळ्या जागेत घेतला. शेजाऱ्यानं तक्रार केली, आता 30 दिवसांत वाढीव बांधकाम काढा अशी नोटीस आलीय, ती बी वारलेल्या वडिलांच्या नावानं. नगरसेवक म्हणतात काही होत नाही, घरपट्टी भरताच की. दुसरे म्हणतात सरळ हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊन स्टे आणा. काय करू?

उत्तर : दादा, नगरसेवकाचं ऐकून गप बसू नका, एवढं पहिलं सांगते. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर होत नाही, या एका समजुतीपायी लोक नोटिशीची मुदत घालवतात आन् मग धावाधाव करतात.

तुमची नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 च्या कलम 53 खालची आहे. परवानगीच नसती तर याच कलमात 24 तासांची नोटीस आहे, तुम्ही परवानगीपेक्षा वेगळं बांधलंय म्हणून महिना मिळालाय, आन् हा महिना लई मोलाचा आहे. नोटिशीवर थेट अपील नसतं. त्याच मुदतीत कलम 44 खाली अर्ज करायचा की हे बांधकाम राहू द्या, नियमित करा. 53(3) मध्ये स्पष्ट आहे की अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवरून बांधकामाला हात लावता येत नाही. परवानगी मिळाली तर नोटीस संपली, नाकारली तर ती लागू होते. आणि नाकारल्याचा आदेश हातात पडला की 40 दिवसांत कलम 47 खाली राज्य सरकारकडं अपील. तुम्ही विचारता ते अपील हे, पण अर्जच केला नसेल तर अपील कशावर करणार?

अर्ज लायसन्स असलेल्या इंजिनिअरकडून करून घ्या, त्यांना जागेवर टेप लावून माप घ्यायला लावा, 2014 चा मंजूर नकाशा शेजारी ठेवा. खोली एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या मानानं जेवढं बांधता येतं त्यात, बसत असेल तर दंड-शुल्क भरून राहण्याची आशा आहे. जिन्याचं मला अवघड दिसतंय, बाजूची मार्जिन म्हणजे मोकळी जागा सोडलीच पाहिजे, आग लागली तर तिथूनच माणसं बाहेर पडतात. तो स्वतःहून काढून खोलीपुरता अर्ज केला तर तुमची बाजू जास्त भक्कम राहील असं मला मनापासून वाटतं, घरच्यांना वाईट वाटेल तरी.

वडिलांच्या नावाच्या चुकीवर मात्र विसंबू नका. मृत्यूचा दाखला आन् वारसांचा फेरफार जोडून सगळ्या वारसांच्या सहीनं अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी मोजत नाही. तोवर तिथं वीटसुद्धा ठेवू नका, कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आन् दंड आहे.

दुसरं, सुप्रीम कोर्टानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलंय की पाडण्याआधी कारणं लिहून किमान 15 दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टानं द्यायची, घरावर पण चिकटवायची, कलेक्टर ऑफिसला ईमेलनं कळवायचं म्हणजे मागची तारीख टाकता येणार नाही, तुमचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकायचं, आन् अंतिम आदेशानंतर परत 15 दिवस थांबायचं. रस्ता, फुटपाथ, नदी-तळ्याच्या जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, तुमचा प्लॉट स्वतःचा आहे म्हणून तुम्हाला आहे. यातलं काही डावलून पाडायला आले तर मात्र खंडपीठात जायचंच, आन् तिथं पहिला प्रश्न येईल की मुदतीत अर्ज केला होता का. म्हणून नोटीस आलेलं पाकीट टाकून देऊ नका, नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते त्यावरच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.