एकच कॅप्शन सगळीकडे नको ना भाऊ

अरे भाऊ, पोह्याच्या दुकानाची पोस्ट टाकताना एकच कॅप्शन सगळीकडे काऊन चिकटवतो? इन्स्टावर 2200 अक्षरं मावतात पण फीडमध्ये दिसते फक्त सुरुवात, बाकी सगळं 'मोअर'च्या मागे, म्हणून 'नमस्कार नागपूरकर, घेऊन येत आहोत' वगैरे सोड, डायरेक्ट लिही 'गोकुळपेठेत सकाळी 7 पासून तर्री पोहे, तर्री मागाल तितकी'. कॅप्शनमधली लिंक तिथे क्लिक होत नाही, प्रोफाइलवरच्या बायोत टाक. एक्सवर (आधीचं ट्विटर) फ्री अकाउंटला 280 अक्षरंच, अन् देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजतात बाप्पा, 'पोहे' म्हणजे चार! फेसबुकवर काका-काकू लोकं निवांत वाचतात, तिथे पत्ता, पार्किंग, सुट्टीचा वार सगळं लिही. हॅशटॅगचं पोतं मात्र कुठंच ओतू नको, मला तर ते पाहूनच पुढे सरकावंसं वाटते.