हरली तर माझी मुलगी कोसळेल का?

टेक्ससमध्ये समुपदेशन करताना मराठी पालकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. "मुलानं असं काही हाती घेतलंय, ज्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नाही. अपयश आलं तर तो कोसळेल. आम्ही काय करायचं?" कधी हे 'काहीतरी' म्हणजे स्टार्टअप असतं, कधी मेडिकलची रेसिडेन्सी. या वेळी निवडणूक होती. संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई एकट्याच आल्या होत्या, एप्रिलमध्ये. मुलगी सव्वीस वर्षांची, जन्म इथलाच. टेक्सस विधानसभेच्या खालच्या सभागृहात १५० जागा आहेत. त्यातल्या एका जागेसाठी ती पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उभी होती. उमेदवाराचं वय किमान २१ लागतं, म्हणजे नियमात ती बसत होती. आईंच्या हिशेबात मात्र ती अजून लहानच होती. "मार्चमध्ये चौघांत पहिली आली हो! मंडळात पेढे वाटले आम्ही. आणि आता म्हणतात, परत निवडणूक. पहिली आलेल्याला परत परीक्षा कुठे असते?"

आपल्याकडे पक्षाचा एबी फॉर्म हातात पडला की उमेदवारी पक्की. इथे पक्षाचा उमेदवार कोण, हे मतदार ठरवतात, आणि टेक्ससमध्ये त्याला निम्म्याहून जास्त मतं लागतात. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान, तेच रनऑफ. प्रायमरी मार्चच्या पहिल्या मंगळवारी, रनऑफ मेच्या चौथ्या मंगळवारी. मधे जवळजवळ बारा आठवडे. पैसे संपलेले, कार्यकर्ते पांगलेले, आणि निम्म्या लोकांना वाटतं की तुम्ही मार्चमध्येच जिंकलात. रनऑफला मतदान बहुतेकदा प्रायमरीपेक्षा कमी होतं, त्यामुळे थोडक्या मतांवर निकाल फिरू शकतो.

आईंनी हे सगळं रात्री जागून वाचलं होतं. १९४८ साली सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, प्रायमरीत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन पहिल्या फेरीत मागे होते आणि रनऑफ अवघ्या ८७ मतांनी जिंकले. २०१२ मध्ये टेड क्रूझ पहिल्या फेरीत दुसरे होते, तेही रनऑफ जिंकून सिनेटवर गेले. २०२२ मध्ये जेसिका सिस्नेरोस ही तरुण वकील काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेच्या रनऑफमध्ये २८९ मतांनी हरली. आईंच्या फोनमध्ये हे सगळं साठवलेलं होतं. "पहिले आलेले हरतात, ताई. माझी पहिली आलीय."

मी विचारलं, ती शेवटची कधी कोसळली होती? त्या बराच वेळ आठवत राहिल्या. हायस्कूलमध्ये डिबेटच्या संघात निवड झाली नाही तेव्हा दोन दिवस खोलीत बसली होती, मग स्वतःच बाहेर आली. त्यानंतर? त्यानंतरचं काही आठवेना. आणि तुम्ही शेवटच्या नीट कधी झोपलात? हे मात्र लगेच आठवलं, फेब्रुवारीत.

हे मी बऱ्याच पालकांमध्ये पाहते. मुलाच्या नावाने आलेली काळजी बरेचदा स्वतःची असते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती आपली आहे हे कळलं नाही तर आपण ती मुलाच्या हातात देतो आणि वर म्हणतो, 'सांभाळ.'

आईंची खरी तक्रार नंतर बाहेर आली. मुलगी फोन उचलत नव्हती. उचललाच तर "बिझी आहे, नंतर करते." फोनवर तुमचं पहिलं वाक्य काय असतं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "काय वाटतंय, होईल ना?"

पुढच्या वेळी त्या मुलीला घेऊन आल्या. मला आधी स्पष्ट करावं लागलं की आईच्या सांगण्यावरून मी तिचं समुपदेशन करणार नाही. ती आईसोबत बसेल, बोलायचं तेवढं बोलेल. तिला वेगळं कुणी हवं असेल तर नावं देईन. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, मला सध्या फक्त झोप हवीय." मग जे बोलली ते मी जवळजवळ तसंच लिहिते: "मी दिवसभर दारोदार जाते, फोन करते. प्रत्येकजण विचारतो, होईल का? मी म्हणते, होणारच. कार्यकर्त्यांना म्हणते, देणगीदारांना म्हणते. घरी आले की आई विचारते. मग तिलाही म्हणते, होणारच. मला कुठेच 'माहीत नाही' म्हणता येत नाही."

आईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

बाबा त्या दिवशी आले नव्हते, पण त्यांचा विषय निघालाच. ते रोज सकाळी श्री ठाणेदारांचं उदाहरण देत. बेळगावचा मराठी माणूस, २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरा आला, २०२० मध्ये तिथल्या विधानसभेत आणि २०२२ मध्ये थेट काँग्रेसमध्ये गेला. उदाहरण खरं आहे, उमेद देणारंही आहे. मुलगी म्हणाली, "बाबांना सांगा, २०२२ ला त्यांच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ते सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. मिशिगनमध्ये रनऑफ नाही. तिथे असते तर मी पहिल्याच फेरीत जिंकले असते." दमलेल्या माणसाला यशोगाथा सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला ती हिशेबासारखी ऐकू येते.

आणखी एक वाक्य आपल्याकडे फार घाईने म्हटलं जातं: "हरलीस तरी आम्हाला अभिमानच आहे." निकालानंतर ते औषध आहे. मतदानाच्या आधी त्याचा अर्थ एवढाच उरतो की आई-बाबांनी पराभव धरूनच ठेवलाय. आईंनी ते वाक्य किती वेळा म्हटलं, ते मी विचारलं नाही.

मग आम्ही काय केलं? मोठं काही नाही. रात्री साडेनऊनंतर घरात निवडणूक नाही, असं ठरलं. मुलीने काढली तर काढली. 'होईल का' हा प्रश्न बंद. आणि आईंना एक काम, पण ते मुलीने द्यायचं, आईंनी शोधायचं नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण काळजीने भरलेला पालक रिकाम्या हातांनी बसला की डावपेच सुचवायला लागतो. मुलीने यादी दिली. मार्चमध्ये दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिलेल्यांना रनऑफमध्ये इकडे मत देता येत नाही, पण ज्यांनी मार्चमध्ये मतच दिलं नाही त्यांना येतं. अशा ओळखीच्या घरांना आईंनी मराठीतून आणि मोडक्या गुजरातीतून फोन करायचे, अर्ली व्होटिंगच्या, म्हणजे मुख्य दिवसाआधीच मत देण्याच्या, तारखा सांगायच्या.

या फोनांमधून एक गाठ आपोआप सुटली. मंडळातल्या काही मैत्रिणींनी देणगी दिली नव्हती, त्यावरून आईंनी त्यांच्याशी बोलणं तोडलं होतं. त्यातल्या दोघी एच-वन व्हिसावरच्या कुटुंबातल्या निघाल्या. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना अमेरिकेत उमेदवाराला देणगी देता येत नाही, तसा कायदाच आहे. विनामोबदला मदत करता येते. त्या दोघी पुढच्या शनिवारी स्वयंसेवकांसाठी वडे घेऊन आल्या. लोक काय म्हणतील, या भीतीत लोकांना काय अडचण आहे हे विचारायचंच राहून जातं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही एका बुधवारवर घालवला. मतदान मंगळवारी, म्हणजे निकालानंतरची सकाळ बुधवारची. मी मायलेकींना वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगितलं: जिंकली तर बुधवारी काय, हरली तर बुधवारी काय. आईंनी हरल्याच्या रकान्यात लिहिलं, 'दोन आठवडे पुण्याला घेऊन जाईन.' मुलीने लिहिलं, 'दुपारपर्यंत झोपू द्या. मग रस्त्यावरच्या प्रचाराच्या पाट्या काढायला चला.' जिंकल्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'दुपारपर्यंत झोपू द्या. मग नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची तयारी.' आई दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचत होत्या. कोसळणारी मुलगी त्यात कुठेच नव्हती.

ती थोडक्या मतांनी हरली. मंगळवारी रात्री रडली, आईही रडल्या. बुधवारी दोघी पाट्या गोळा करत फिरल्या. पुढचे आठवडे तिने आभाराचे फोन केले, पगारी नोकरीवर परतली. आमदारकीचे वर्षाला ७,२०० डॉलर मिळतात, तेव्हा जिंकली असती तरी नोकरीचा प्रश्न होताच. १५ जुलैला खर्चाचा अहवाल द्यायचा होता, तो बाबांनी तिच्यासोबत बसून तपासला. ठाणेदारांचा विषय काढला नाही म्हणे.

अशा वेळी उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलं, माणसं टाळणं सुरू झालं, जगण्यात अर्थ नाही अशी वाक्यं आली, तर वाट पाहू नका. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलिमानसचा १४४१६ हे मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचे क्रमांक दिवसरात्र चालू असतात. या मुलीला त्यांची गरज पडली नाही.

ऑगस्टमध्ये आई शेवटच्या आल्या. आता नवीन प्रश्न होता: "पुन्हा उभी राहणार का ती?" मी म्हटलं, पुढच्या प्रायमरीचे अर्ज पुढच्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरले जातील. तोपर्यंत हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर आणू नका.

"मी नाही आणणार," त्या म्हणाल्या. "तिच्या बाबांना तुम्हीच सांगा."