साहेब, माझं प्रमोशन कुठं अडलं?

३१ मे होऊन गेला. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख म्हणून सरळ १ जून टाकून मोकळे होत. ती पिढी आजही दरवर्षी मेअखेरीस घाऊक निवृत्त होते. कचेऱ्यांत त्या दिवशी नुसते नारळ, शाली आणि पेढे. दुसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या आणि माझ्याकडे पत्रांचा गठ्ठा: जागा तर झाली, मग माझा नंबर का लागला नाही? मी आयुष्यभर आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बढती-ज्येष्ठतेचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत बसलो. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्याच कागदांत असतं, आणि ते कागद त्यानं कधी मागून पाहिलेले नसतात. असो. निवडक प्रश्न घेतो.

तलाठी म्हणून सहा वर्षं झाली, वय ३१. याच वाटेनं कलेक्टर होता येतं का? आमचे अण्णासाहेब म्हणतात, चिकाटी असेल तर हमखास. (सातारा जिल्हा)

होता येतं. हमखास नाही. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं, पण शिडी तीच आहे: मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी. तिथून आयएएसमध्ये बढतीनं घेण्याचे नियम १९५५ चे आहेत. उपजिल्हाधिकारी किंवा समकक्ष पदावर सलग ८ वर्षं सेवा लागते आणि वयाची मर्यादा ५६ आहे. निवड समितीच्या अध्यक्षस्थानी यूपीएससीचे अध्यक्ष किंवा सदस्य असतात. म्हणजे तिथं मुंबईतली ओळख चालत नाही.

आता वजाबाकी करा. ५६ मधून ८ गेले, ४८ उरले. त्या वयाच्या आत तुम्ही उपजिल्हाधिकारी झालेले हवेत. म्हणजे सतरा वर्षांत चार पायऱ्या. तेवढं जमलं तरी त्याच ज्येष्ठतासूचीत पंचविशीत थेट उपजिल्हाधिकारी झालेली मंडळी तुमच्या पुढे उभी असतात. अण्णासाहेबांना हा हिशोब दाखवा. तलाठी म्हणून लागून तहसीलदार म्हणून सन्मानानं निवृत्त झालेले मी पुष्कळ पाहिले आणि त्यात कमीपणा काही नाही. पण वरच जायचं असेल, तर जाहिरातीतल्या वयाच्या अटीत बसता तोवर राज्यसेवा परीक्षा द्या. अर्ज भरण्यापूर्वी कार्यालयाला लेखी कळवा आणि परवानगीचं काय करायचं ते आस्थापना शाखेत विचारून घ्या.

एमएस-सीआयटी केलं आहे. पुन्हा करावं लागेल का?

नाही. सेवापुस्तकात नोंद आहे का, ते बघा.

महसूल सहायक आहे. महसूल अर्हता परीक्षेसाठी कोणता क्लास लावू? एका क्लासची फी अठरा हजार आहे आणि ते 'पास होण्याची हमी' देतात. (अमरावती)

हमी कोण देणार? पेपर तुम्ही लिहिणार आहात! असल्या एका क्लासच्या नोट्स एका मुलीनं मला दाखवल्या होत्या. ज्येष्ठतेच्या प्रकरणात १९८२ चे नियम छापलेले. ते जाऊन २०२१ चे आले, याचा क्लासवाल्यांना पत्ता नव्हता. स्पायरल बाइंडिंग मात्र छान होतं.

जमीन महसूल संहिता, १९६६ मुळातून वाचा. नागरी सेवा नियमांचे संच, मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि कोषागार नियम १९६८ हे आपल्या कपाटातले ग्रंथ आहेत, धूळ झटका. ज्याचं टेबल रोज सांभाळता, त्याचं कलम शोधून वाचलं की ते डोक्यात राहतं. विहित मुदत आणि संधी संपल्या तर ज्येष्ठता जाते, मागून आलेले पुढे जातात. तुमच्या किती संधी झाल्या आणि किती उरल्या, हे मैत्रिणीला नव्हे, आस्थापना लिपिकाला विचारा.

मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी आहे. निवडसूचीतून नाव वगळलं. कारण विचारलं तर 'गोपनीय अहवाल अपूर्ण' म्हणाले. काम तर मी जीव तोडून केलं. माझी काय चूक?

चूक एकच: पाच वर्षांत अहवालाची प्रत एकदाही मागितली नाहीत. पत्रात तुम्हीच लिहिलं आहे, 'ते साहेबांचं काम, आपण कसं विचारायचं?' हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून जरा सविस्तर.

विभागीय पदोन्नती समिती तुम्हाला ओळखत नाही. तिच्यापुढे तुम्ही म्हणजे साधारण पाच वर्षांचे अहवाल. टेबलावर चाळीस-पन्नास नावं, दुपारचा चहा आणि एक तक्ता. एका वर्षाच्या रकान्यात 'अप्राप्त' दिसलं की बोट पुढच्या नावावर सरकतं. रात्री नऊपर्यंत बसून तुम्ही अधिवेशनाचे तारांकित प्रश्न निस्तरलेत, हे त्या तक्त्यात कुठंही दिसत नाही.

अहवाल १ एप्रिल ते ३१ मार्चचा. आधी तुमचं स्वयंमूल्यमापन, मग प्रतिवेदन अधिकारी (थेट वरचे साहेब), मग पुनर्विलोकन अधिकारी (त्यांच्या वरचे). यातली पहिली पायरी तुमचीच आहे आणि तिथंच माणसं माती खातात. 'नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली' असं एक ओळीचं वाक्य मी हजारदा वाचलं असेन. किती न्यायालयीन प्रकरणांत शपथपत्रं गेली, किती लक्षवेधींची उत्तरं दिली, किती जुनी प्रकरणं निकाली काढली, ते आकड्यांत लिहा. साहेबांना चांगलं लिहायचं असलं तरी त्यांना धरायला काहीतरी लागतं.

साहेब वर्षाच्या मध्ये बदलून गेले तर धोका दुप्पट. तीन महिन्यांहून कमी काळ हाताखाली असलेल्याचा अहवाल ते लिहीत नाहीत, म्हणून वर्षाचे तुकडे पडतात आणि एखादा तुकडा कुणाचाच नसतो. माझंच सांगतो. एका वर्षी मला तीन साहेब लाभले. पहिले ऑगस्टमध्ये बदलून गेले, दुसरे जानेवारीत निवृत्त झाले, तिसरे म्हणाले, 'मी तर तुम्हाला आत्ता पाहतोय.' कुणीच लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही, भिडेपोटी. तीन वर्षांनी बढतीच्या वेळी तो खड्डा उघडा पडला. माझ्यामागचे दोघे पुढे गेले आणि मानीव दिनांक (बढती मागच्या तारखेपासून झाली असं धरणं) मिळेपर्यंत दीड वर्ष मी त्यांच्यातल्याच एकाला 'सर' म्हणत होतो. त्यानंतर शंभर पानी वही केली. वर्ष, कालावधी, साहेबांचं नाव, स्वयंमूल्यमापन दिल्याची तारीख, प्रत मिळाल्याची तारीख. पाचच रकाने. आता अहवाल महापार या शासनाच्या संगणक प्रणालीवर ऑनलाइन गेले, तरी वही ठेवाच. संगणकावरही अहवाल साहेबांच्या लॉगिनमध्ये पडून राहतो.

आणि 'वाईट शेरा असेल तरच कळवतात' हा समज आता टाका. देवदत्त विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल. सीमा सडक खात्यातला अभियंता. बढतीला सगळी वर्षं 'अत्युत्तम' हवी होती, त्याला एका वर्षी नुसतं 'चांगला' मिळालं. 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे म्हणून कुणी कळवलं नाही, आणि त्याच शेऱ्यानं बढती अडवली. न्यायालयानं सांगितलं, शेरा कसलाही असो, कळवलाच पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तेच पक्कं केलं. म्हणजे प्रत मागणं हा आगाऊपणा नाही, तुमचा हक्क आहे. प्रतवारी मान्य नसेल तर मुदतीत अभिवेदन, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं द्या.

तुमच्या प्रकरणात कोणत्या वर्षाचा, कोणत्या कालावधीचा अहवाल नाही, ते लेखी मागा. त्या वेळचे साहेब हयात आहेत, पण निवृत्त होऊन किती काळ झाला, यावर पुढचा मार्ग ठरेल. कागद हाती आल्यावर सेवाविषयक काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. त्याआधी नको; रिकाम्या हातानं गेलात तर फी तेवढी जाईल.

ज्येष्ठतासूचीत माझं नाव चार क्रमांकांनी खाली लागलं. २०१९ पासून नऊ अर्ज दिले. दहावा कुणाला देऊ? (नांदेड)

कुणालाच नको. शासकीय कर्तव्यांतल्या विलंबाला आळा घालणारा २००५ चा कायदा म्हणतो, टेबलावर फाईल कामाच्या सात दिवसांहून जास्त राहू नये. तुमचे अर्ज सहा वर्षं राहिले, हे संतापजनक आहेच. पण मॅटची, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची घड्याळं त्यानं थांबत नाहीत. अंतिम आदेशापासून एक वर्ष. अभिवेदनाला उत्तरच नसेल तर सहा महिने वाट पाहायची, मग तिथून एक वर्ष. एकामागून एक अर्ज देत राहिल्यानं मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तात्पुरती सूची निघते तेव्हाच हरकत घ्यायची असते, पोच शिक्क्यासह. आता विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. या आठवड्यात वकील गाठा, दिवाळीनंतर नव्हे.

जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे. मीही मॅटमध्ये जाऊ का?

नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांची प्रकरणं मॅटपुढे चालत नाहीत. विभागीय आयुक्तांकडे अपील की थेट उच्च न्यायालय, ते वकील आदेश वाचून सांगतील.

एका गृहस्थांनी 'डीपीसीत (विभागीय पदोन्नती समितीत) बसवून देतो' म्हणून दोन लाख मागितले. सोबत व्हॉट्सअॅपवर जीआरही पाठवला. खरा असेल का?

जीआरच्या खाली संगणक संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाका, दोन मिनिटांत कळेल. गृहस्थांचं सांगतो. समिती बसणारच असते, यादी ज्येष्ठतेनं लागणारच असते. तुमचं नाव आपोआप लागलं तर पैसे त्यांचे, नाही लागलं तर 'वरून अडलं'. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक. फोन आधी करा, व्यवहार झाल्यावर नको.

ठाण्यात आहे. बढती घेतली तर विदर्भ मिळेल असं सगळे सांगतात. मुलगी बारावीला आहे. नाकारू का? तसंही १०-२०-३० चा लाभ मिळणारच.

'तसंही' मिळणार नाही. २ मार्च २०१९ च्या जीआरनं १०, २० आणि ३० वर्षांवर मिळणारा आश्वासित प्रगतीचा लाभ बढतीअभावी कुंठित झालेल्यांसाठी आहे, चालून आलेली बढती नाकारणाऱ्यांसाठी नाही. शिवाय नाकारल्यावर पुढची काही वर्षं नावाचा विचार होत नाही आणि मागचे पुढे जातात. ते गेल्यावर रडत मला पत्र लिहू नका. विभाग वाटपाचे नियम आहेत, त्यात सवलतीची कारणंही आहेत. तुमचं कारण बसतं का, ते सामान्य प्रशासन विभागाचा आदेश वाचून बघा. गडचिरोलीत काढलेली तीन वर्षं माझ्या नोकरीतली सर्वात चांगली होती, हे मात्र कुणाला पटत नाही. नकारपत्रावर सही करण्यापूर्वी आस्थापना अधिकाऱ्याशी समक्ष बोला.

माझ्याविरुद्ध निनावी तक्रार आहे. प्राथमिक चौकशी चालू आहे. बढती गेली का?

नुसत्या प्राथमिक चौकशीनं जात नाही. जानकीरामन प्रकरणात १९९१ मध्ये ठरलं आहे: दोषारोपपत्र बजावलं असेल, तरच पदोन्नती समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात जातो, म्हणजे प्रकरण संपेपर्यंत राखून ठेवला जातो. बजावलं गेलं तर त्याच दिवशी वकील. उत्तर स्वतःच्या भाषेत, रागाच्या भरात लिहू नका.

नुकतीच तहसीलदार झाले. याच कार्यालयात पूर्वी अव्वल कारकून होते. जुने सहकारी अजून 'ताई' म्हणतात, डबा एकत्र खातो. आता कसं वागू?

'ताई' राहू द्या, डबाही राहू द्या. फेरफाराच्या नोंदीवर सही करताना मात्र डब्याची आठवण नको. पहिल्या महिन्यात एक काम करा. आस्थापनेचं कपाट उघडायला लावा आणि सगळ्यांची सेवापुस्तकं बाहेर काढा. लाल फीत सोडली की कळेल, कुणाच्या परीक्षेची नोंद नाही, कुणाची वेतनवाढ सुटली आहे, कुणाच्या गोपनीय अहवालांत दोन वर्षांची पोकळी आहे. तुमच्याआधीच्या साहेबांनी राहिलेले अहवाल लिहिलेत का, ते विचारा आणि त्यांना पत्र पाठवा, गरज पडली तर माणूस पाठवा. तुमच्या हातचे यंदाचे अहवाल मुदतीत लिहा, शिपायापासून सगळ्यांचे. जिथं शंका असेल तिथं उपजिल्हाधिकाऱ्यांना विचारून घ्या.